पुढच्या ब्रेकची भीति

मोटारगाडीचा इतिहास बहुधा गतीचा इतिहास म्हणून सांगितला जातो. कोणत्या सालीं कोणी ताशीं किती मैलांची मजल गांठली, कोणत्या शर्यतींत कोणाचें यंत्र अधिक बलवान् ठरलें, याच्या कथा आपण आवडीनें ऐकतों. पण धांवणारी गाडी वेळेवर थांबवितां आली नाहीं, तर त्या साऱ्या बळाचा उपयोग काय? थांबण्याच्या कलेलाहि इतिहास आहे. त्यांत कल्पक माणसें आहेत, हट्ट आहेत, गैरसमज आहेत, आणि दुर्दैवानें बळीहि आहेत. त्या इतिहासांतील एकच प्रकरण आज मी आपणांपुढें मांडणार आहें. मोटारीच्या पुढच्या चाकांना ब्रेक असावा कीं नसावा, असला तर त्याचा जोर किती असावा, आणि मागच्या चाकांच्या वांट्याला किती द्यावा, हें तें प्रकरण होय.

वरवर पाहतां हा प्रश्न गॅरेजांतल्या मिस्त्र्याचा वाटतो. परंतु त्याच्या मुळाशीं एक भीति आहे. ती भीति एका पिढीनें हिशेब करून सोडली, तरी दुसऱ्या पिढीच्या मनांत ती पुन्हां घर करते. म्हणून हा प्रश्न सर्वांनींच समजून घेण्यासारखा आहे.

तो समजण्यासाठीं मोटारीची गरज नाहीं, बैलगाडी पुरे. भंडारा जिल्ह्यांत, वैनगंगेच्या खोऱ्यांत, दिघोरीसारख्या गांवचा शेतकरी धानाचीं पोतीं गाडींत कशीं रचतो तें पाहावें. मागें ओझें जास्त झालें तर गाडी उलार होते व जू वर उचललें जातें. पुढें जास्त झालें तर सारा भार बैलांच्या मानेवर येतो. म्हणून एक पोतें पुढें, एक मागें, असें करीत करीत तो तोल साधतो. हा झाला उभ्या गाडीचा तोल. पण गाडी चालत असतां बैल एकाएकीं थबकले, तर काय होतें? गाडींत बसलेला माणूस पुढें झुकतो, पोतीं पुढें सरूं पाहतात, आणि इतक्या मेहनतीनें साधलेला तोल क्षणभर बिघडून बैलांच्या मानेवर दाब येतो. पोतें जागचें हललें नाहीं, तरी त्याचा भार पुढें गेला. मोटारीच्या ब्रेकचें सारें रहस्य या एका गोष्टींत सामावलेलें आहे.

आतां थोडें गणित करूं. समजा, एक मोटार १००० किलोग्रॅम वजनाची आहे आणि ती उभी असतां पुढच्या दोन चाकांवर ५०० व मागच्या दोन चाकांवर ५०० असा तिचा भार सारखा वांटलेला आहे. पुढच्या व मागच्या आसांत २.४ मीटर अंतर आहे, आणि गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ०.६ मीटर उंच आहे. कोरड्या व चांगल्या रस्त्यावर चालकानें करकचून ब्रेक दाबला, व गुरुत्वाकर्षणाच्या आठ-दशांश इतक्या प्रमाणानें गाडीचा वेग कमी होऊं लागला, तर हिशेबानें २०० किलोग्रॅम भार मागच्या चाकांवरून उठून पुढच्या चाकांवर जातो. म्हणजे पुढें ७०० व मागें ३०० अशी नवी वांटणी होते. टायरची रस्त्यावरील पकड त्याच्यावर असलेल्या भाराच्या मानानें कमी-अधिक होत असते. म्हणून गाडी थांबविण्याचें दहा भाग काम असेल, तर त्यांतील सात भाग पुढचीं चाकें करूं शकतात आणि तीनच भाग मागचीं. थांबण्याच्या क्षणीं पुढचीं चाकें बळकट होतात व मागचीं दुबळीं होतात, हा त्याचा अर्थ. असें असतां मोटारीच्या पहिल्या पिढीनें सगळा ब्रेक नेमका मागच्या चाकांनाच दिला होता!

यांत त्या काळच्या कारागिरांचा मूर्खपणा होता असें मात्र समजूं नये. कार्ल बेन्झ यांनीं जर्मनींत आपल्या गाडीचें पेटंट १८८६ सालीं घेतलें, तेव्हां गाडी म्हणजे घोड्याची गाडी हीच कल्पना सर्वांच्या मनांत होती. घोडागाडीचा ब्रेक मागच्या चाकाच्या धांवेवर घासत असे. मोटारीनें तीच रीत उचलली. १९०२ सालीं फ्रान्समध्यें लुई रेनो यांनीं चाकाच्या आंत बसविलेल्या ड्रमचा ब्रेक पुढें आणला, आणि त्याच वर्षीं इंग्लंडांत फ्रेडरिक लँचेस्टर यांनीं डिस्क ब्रेकचें पेटंट घेतलें. साधन सुधारलें, पण त्याची जागा मागेंच राहिली. पुढचीं चाकें डावीकडे-उजवीकडे वळतात. वळत्या चाकापर्यंत लोखंडी कांड्यांनीं ब्रेकचा जोर नेणें ही खरीच अवघड गोष्ट होती. आणि या अडचणीच्या जोडीला ती भीति होती. पुढचें चाक अडविलें म्हणजे मागची गाडी त्यावरून उलटून पडेल, असें लोकांना वाटे. ठेंच लागलेला माणूस तोंडावर पडतो, तशी गाडीहि पडेल, ही ती समजूत. ती डोळ्यांना पटण्यासारखी होती, म्हणूनच ती टिकली.

खरें पाहतां सर्व चाकें न धरल्यास काय होतें, याचा धडा आगगाडीवाल्यांनीं मोटारवाल्यांच्या आधींच घेतला होता. आपल्याकडे मुंबई-पुणें मार्गावरील बोरघाटांतून चाकांच्या गाड्यांसाठीं बांधलेला रस्ता गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनीं १० नोव्हेंबर १८३० रोजीं खुला केला, आणि १८६३ सालीं त्याच घाटांतून आगगाडी जाऊं लागली. त्या लोहमार्गाचा चढ कांहीं ठिकाणीं ३७ फुटांस १ फूट इतका होता. असा चढ चढतांना इंजिनाची परीक्षा होते हें खरें. पण उतरतांना ब्रेकची परीक्षा होते, व ती अधिक कठोर असते. त्या काळीं ब्रेक इंजिनाजवळ व गार्डाच्या डब्यांत असे. मधल्या डब्यांचीं चाकें मोकळींच फिरत. आयर्लंडांतील आर्मा या गांवाजवळ १२ जून १८८९ रोजीं सहलीच्या एका आगगाडीला चढ चढवेना, म्हणून तिचे दोन भाग करण्यांत आले. मागचा भाग सुटून उतारावरून घसरत गेला आणि पाठीमागून येणाऱ्या गाडीवर आदळला. सुमारें ८० माणसें प्राणांस मुकलीं, त्यांत बालकेंहि पुष्कळ होतीं. त्याच वर्षीं ब्रिटिश पार्लमेंटानें कायदा करून उतारूंच्या सर्व गाड्यांना अखंड व आपोआप लागणारा ब्रेक सक्तीचा केला. लोहमार्गावर उलटण्याची शंका कोणी काढली नाहीं. पण तेथेंहि शहाणपण यायला इतक्या जिवांची किंमत मोजावी लागली.

मोटारीच्या बाबतींत पहिलें धाडस स्कॉटलंडांत झालें. तेथील अॅरल-जॉन्स्टन कारखान्यानें १९०९ सालीं चारहि चाकांना ब्रेक असलेली गाडी बाजारांत आणली. पण पुढें तिनें तो नाद सोडून दिला. १९१० च्या सुमारास आंरी पेरो या फ्रेंच यंत्रज्ञाची पुढच्या चाकांच्या ब्रेकची रचना स्कॉटलंडांतीलच अर्गाइल कारखान्यानें स्वीकारली. इटलींत इसोता फ्रास्किनी हा कारखानाहि त्याच दिशेनें निघाला होता. पेरो याच्या रचनेमुळें वळत्या चाकाला ब्रेक देण्याची यांत्रिक अडचण मिटली. अडचण मिटली तरी भीति मिटली नाहीं, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

मग आली ४ जुलै १९१४ ची फ्रान्समधील लियॉं येथील ग्रां प्री शर्यत. सारायेव्होची हत्या होऊन अवघे सहा दिवस झाले होते आणि युरोपवर युद्धाची छाया पडली होती. मार्ग डोंगराळ, वळणावळणाचा व उतारांचा होता. फ्रान्सच्या प्यूजो व दलाज, इटलीच्या फियाट आणि स्वित्झर्लंडच्या पिकार-पिक्ते या गाड्यांना चारहि चाकांवर ब्रेक होते. जर्मनीच्या मर्सेडिस गाड्यांना केवळ मागें. प्यूजोचा चालक जॉर्ज ब्वालो वळणाजवळ येईपर्यंत वेग सोडीत नसे, मग उशिरां ब्रेक लावून बरोबर वळे. तथापि शेवटच्या फेरींत त्याची गाडी निकामी झाली, आणि पहिले तीनहि क्रमांक मर्सेडिसनें पटकावले. जुन्या पद्धतीच्या कैवाऱ्यांना यांत आपलाच विजय दिसला असेल. पण शर्यतीचा निकाल ही एक गोष्ट आणि यंत्राचा धडा ही दुसरी. मर्सेडिस जिंकली ती आपल्या यंत्राच्या टिकाऊपणामुळें व संघाच्या शिस्तीमुळें. उतारावर कोणती गाडी सुरक्षितपणें थांबते, याचें उत्तर पराभूत गाड्यांनींच दिलें होतें.

महायुद्ध संपल्यावर हें उत्तर हळूहळू सर्वांनीं मान्य केलें. १९१९ सालीं इस्पानो-स्विझा कारखान्याचे यंत्रज्ञ मार्क बिर्किग्त यांनीं आपल्या नव्या गाडीला चारहि चाकांवर ब्रेक दिले, आणि चालकाच्या पायाला गाडीच्याच गतीची मदत मिळेल अशी योजना केली. १९२१ सालीं ले मां येथील फ्रेंच ग्रां प्री शर्यत जिमी मर्फी या अमेरिकनानें ड्यूझनबर्ग गाडींतून जिंकली. तिच्या चारहि चाकांचे ब्रेक नळींतील द्रवाच्या दाबानें चालत होते. १९२४ सालीं रोल्स-रॉइससारखा सावध कारखानाहि चार चाकांच्या ब्रेककडे वळला. फोर्डची लाखों लोकांनीं वापरलेली 'मॉडेल टी' मागच्याच ब्रेकवर चालत आली. तिची जागा घेणाऱ्या 'मॉडेल ए'ला मात्र १९२७ च्या अखेरीस चारहि ब्रेक मिळाले. त्या दशकांत अशा गाडीच्या पाठीवर लाल त्रिकोणाची पाटी लावीत. पुढची गाडी लवकर थांबते, तुमची थांबणार नाहीं, तेव्हां अंतर राखा, असा तिचा मागून येणाऱ्याला इशारा असे. भीतीची जागा इशाऱ्यानें घेतली, हें इतिहासाचें एक मोठें पाऊल होय.

पण एक प्रश्न सुटला कीं त्याच्या पोटांतून दुसरा निघतो. पुढें ब्रेक द्यावा हें ठरलें. मग किती द्यावा? येथें दोन प्रकारचीं संकटें आहेत आणि तीं सारखीं नाहींत. पुढच्या चाकांना वाजवीपेक्षां जास्त जोर मिळाला, तर तीं जखडून घसरूं लागतात. गाडी वळेनाशी होते, पण सरळ जाते, आणि ब्रेक किंचित् सैल केला कीं चालकाचा ताबा परत येतो. मागच्या चाकांना जास्त जोर मिळाला, तर तीं आधीं जखडतात. जखडलेल्या टायरला आडव्या दिशेची पकड राहत नाहीं. मग गाडीची पाठ बाजूला सरकते आणि पाहतां पाहतां ती पुढें येऊं लागते. गाडी स्वतःभोंवतीं फिरली म्हणजे सामान्य चालकाच्या हातीं कांहीं उरत नाहीं. म्हणून साऱ्या जगाच्या यंत्रज्ञांनीं एक नियम मानला: चाकें जखडायचींच झालीं, तर आधीं पुढचीं जखडावीं, मागचीं त्यानंतर. ज्या पुढच्या ब्रेकला लोक भ्याले तोच पाठीराखा ठरला, आणि ज्या मागच्या ब्रेकवर विसंबले तोच दगा देणारा निघाला!

हें प्रमाण साधण्याच्या रीति काळाप्रमाणें बदलल्या. कांड्या व तारा यांनीं चालणाऱ्या जुन्या ब्रेकमध्यें प्रत्येक चाकाची कांडी आवळून किंवा सैल करून तोल जुळवावा लागे, आणि थोडी झीज होतांच तो बिघडे. द्रवाच्या ब्रेकनें ही कटकट पुष्कळ कमी केली. बंद नळींतील द्रवाचा दाब सर्वत्र सारखा असतो, हा पास्कलचा नियम. दाब सारखा असला तरी चाकाजवळील सिलिंडर मोठा केला तर जोर जास्त मिळतो व लहान केला तर कमी. म्हणून पुढें मोठा व मागें लहान सिलिंडर देऊन कारखाना आपला हिशेब कायमचा बांधून ठेवूं लागला. १९५३ सालीं ले मां येथील चोवीस तासांची शर्यत जॅग्वार गाडीनें डिस्क ब्रेकच्या बळावर जिंकली, तेव्हांपासून वेगवान् गाड्यांत पुढें डिस्क व मागें ड्रम, किंवा दोन्हीकडे डिस्क, अशी रचना रूढ होत गेली. १९५९ सालच्या 'मिनी' या छोट्या इंग्लिश गाडीचा बहुतेक भार पुढें होता. तिच्या मागच्या ब्रेकच्या नळींत, ठराविक मर्यादेपलीकडे दाब वाढूं न देणारी एक झडप बसविली होती. माल वाहणाऱ्या कांहीं गाड्यांत अशीच झडप मागच्या आसाशीं कांडीनें जोडलेली असते: गाडी भरली म्हणजे ती मागच्या ब्रेकला अधिक वाव देते, आणि रिकामी झाली म्हणजे आवरून धरते.

महाराष्ट्राच्या परिचयाचें उदाहरण घ्यावयाचें तर तें कुर्ल्याच्या फियाटचें. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यांत १९५४ पासून फियाट ११०० ही गाडी तयार होऊं लागली. पुढें १९७० नंतरच्या दशकांत तिला 'प्रीमियर पद्मिनी' हें नांव मिळालें. तिच्या चारहि चाकांना ड्रमचे ब्रेक असून ते द्रवाच्या दाबानें चालत. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून तिनें चार-पांच दशकें सेवा केली, आणि ऑक्टोबर २०२३ मध्यें शहराच्या रस्त्यांवरून तिनें टॅक्सी म्हणून निरोप घेतला. पण हीच साधी घरगुती गाडी एके काळीं मद्रासजवळच्या शोलावरम येथील धांवपट्टीवर शर्यतींतहि धांवे. तिचें इंजिन फुलवून तिचा वेग वाढविणारे कारागीर आपल्याकडे होते. आजहि मुंबई, पुणें, कोल्हापूर येथें जुन्या गाड्या जिवापाड जपणारे हौशी लोक आहेत, आणि त्यांच्यापुढें ब्रेकच्या तोलाचा प्रश्न अगदीं ताजा आहे.

कारण असें कीं, कारखान्यानें बांधलेला हिशेब त्या गाडीच्या मूळ वजनाला, मूळ टायरला व मूळ वेगाला धरून असतो. हौसेनें इंजिन बदललें, तर पुढचा भार बदलला. गाडी खालीं बसविली, तर गुरुत्वमध्य उतरला व पुढें जाणारा भार कमी झाला. रुंद टायर घातले, तर पकड वाढली. गाडी अधिक जोरानें थांबूं लागली आणि पुढें जाणारा भारहि वाढला. पुढें नवे डिस्क ब्रेक बसविले आणि मागें जुने ड्रम तसेच ठेवले, तर दोहोंचें नातें तुटलें. ड्रमच्या आंतील एक पट्टी फिरत्या ड्रममुळें आपोआप अधिक आवळली जाते. थोड्या दाबांत पुष्कळ काम होतें तें त्यामुळें. डिस्कला तशी आयती मदत नाहीं. तिला दाब जास्त लागतो. तो जास्त दाब जुन्या मागच्या ड्रमला मिळाला म्हणजे मागचीं चाकें आधीं जखडणार, हें सांगायला ज्योतिषी नको. शिवाय लांब घाट उतरतांना ड्रम तापला कीं त्याची पकड मंदावते. म्हणजे घाटाच्या माथ्यावर जुळलेला तोल पायथ्याशीं तोच राहील, याचीहि खात्री नाहीं.

शर्यतीच्या गाड्यांत यावर दोन उपाय योजतात. पहिला दांडीचा. चालकाच्या एका पायपट्टीनें दोन मुख्य सिलिंडर दाबले जातात, एक पुढच्या ब्रेकचा व एक मागच्या. मध्यें एक आडवी दांडी असते. दोन माणसें बांबूला ओझें टांगून नेऊं लागलीं, तर ज्याच्या खांद्याजवळ ओझें सरकवावें त्याच्यावर भार अधिक येतो. तसेंच या दांडीवरील टेकू पुढच्या सिलिंडरकडे सरकविला कीं पुढच्या ब्रेकचा वांटा वाढतो, मागच्याकडे सरकविला कीं मागचा. दुसरा उपाय मागच्या नळींतील झडपेचा. ठराविक दाबापर्यंत ही झडप मागच्या ब्रेकला पूर्ण दाब घेऊं देते, व त्यापुढें त्याची वाढ मंदावते. ही मर्यादा स्क्रू फिरवून बदलतां येते. झडप मागच्या ब्रेकचा जोर कमीच करूं शकते, वाढवूं शकत नाहीं, हें विसरूं नये.

जाणता कारागीर मात्र दांडीला किंवा स्क्रूला शेवटीं हात लावतो. आधीं तो चारहि चाकें सोडवून पाहतो: तेल कोठें गळत नाहीं ना, लायनर सारखे झिजले आहेत ना, सिलिंडरचे दट्टे अडकत नाहींत ना, नळींत हवा नाहीं ना, टायर जोडीचे आहेत ना. कारण पुष्कळदां तोल बिघडलेला नसतोच. एखादा दट्टा गंजलेला असतो, आणि उतावळा माणूस रोग सोडून लक्षणावर औषध करतो. हें झाल्यावर मोकळ्या, सपाट, रहदारी नसलेल्या बंदिस्त जागेंत, कमी वेगापासून आरंभ करून, बाहेर उभ्या असलेल्या सहकाऱ्याकडून कोणतीं चाकें आधीं जखडतात तें पाहिलें जातें. पुढचीं किंचित् आधीं जखडेपर्यंत थोडाथोडा फरक करावयाचा, व प्रत्येक फरक लिहून ठेवावयाचा. ओल्या रस्त्याचा हिशेब आणखी निराळा. आपल्या उदाहरणांतील गाडी पावसांत गुरुत्वाकर्षणाच्या चार-दशांश प्रमाणानेंच थांबूं शकली, तर पुढें १०० किलोग्रॅमच भार जाईल. वांटणी ६०० व ४०० अशी होईल. म्हणून पावसांत शर्यतीचा चालक तोल थोडा मागें घेतो. पण तो तरबेज माणूस असतो आणि रस्ता शर्यतीपुरता राखलेला असतो. सार्वजनिक रस्त्यावर असा प्रयोग करणें म्हणजे दुसऱ्याच्या जिवावर उदार होणें होय. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम कारखान्यानें दिलेल्या मूळ रचनेंत मनमानी फेरबदल करण्यास मना करतें, त्याच्या मुळाशीं हीच काळजी आहे.

पुढें हें तोल सांभाळण्याचें काम यंत्रानें स्वतःकडे घेतलें. १९७८ सालीं जर्मनींतील बॉश कंपनीनें चाक जखडूं न देणारी विद्युत्-यंत्रणा मर्सेडिस गाड्यांत दिली. पुढच्या काळांत पुढच्या-मागच्या ब्रेकची वांटणी क्षणोक्षणीं करणारी यंत्रणाहि तिच्या जोडीला आली. आपल्या देशांत १ एप्रिल २०१९ पासून १२५ घनसेंटिमीटरहून मोठ्या इंजिनाच्या सर्व नव्या मोटारसायकलींना अशी यंत्रणा सक्तीची झाली, आणि त्याहून लहान दुचाकींना ती, किंवा निदान पुढचा व मागचा ब्रेक एकत्र लागण्याची सोय. एक ब्रेक दाबला असतां दोन्ही चाकें धरलीं जावींत, असें कायद्याला कां सांगावें लागलें? कारण ती जुनी भीति अजून मेलेली नाहीं.

भंडारा जिल्ह्याचा मुलूख बहुतेक सपाट, त्यामुळें बोरघाटाचे हे धडे येथें कशाला, असें एखाद्याला वाटेल. पण साकोली-लाखनीवरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग रात्रंदिवस वाहत असतो. आंतल्या रस्त्यांवर गुरें आडवीं येतात, मुलें धांवतात, आणि धान निघाल्यावर भरलेल्या ट्रॉल्या हळूहळू चालत असतात. या ट्रॅक्टरचा ब्रेक बहुधा मागच्या मोठ्या चाकांनाच असतो, आणि डाव्या व उजव्या चाकाच्या दोन निराळ्या पायपट्ट्या असतात. शेतांत जागच्या जागीं वळण्यासाठीं ही सोय उत्तम आहे. परंतु रस्त्यावर येतांना त्या दोन पट्ट्या खिटीनें एकत्र अडकविल्या नाहींत, तर एकच चाक धरलें जाऊन ट्रॅक्टर आडवा फिरतो. आणि पाठीमागची ट्रॉली बिनब्रेकाची असली, तर तिचा सारा रेटा ट्रॅक्टरच्या पाठीवर बसतो. खिटी अडकविण्यास क्षणभर लागतो. ती न अडकविल्याची किंमत दुसऱ्याचें घर मोजतें.

दुचाकीचीहि हीच कथा. खेड्यापाड्यांतून कित्येक चालक उजव्या हाताच्या ब्रेकला स्पर्श करीत नाहींत. तो लावला तर आपण उलथून पडूं, असें त्यांना कोणी वडीलधाऱ्यानें सांगितलेलें असतें. सांगणाऱ्याचा हेतु चांगला असतो. तो सल्ला अगदींच खोटा आहे, असेंहि नाहीं. रेतींत, चिखलांत किंवा वळणावर गाडी कललेली असतां पुढचा ब्रेक एकदम आवळला तर पडण्याचा संभव असतो. परंतु सरळ व कोरड्या रस्त्यावर दुचाकी थांबविण्याचें मोठें काम पुढचेंच चाक करतें, कारण त्या क्षणीं भार तिकडेच जातो. दोन्ही ब्रेक एकत्र, पुढचा हळूहळू जोर वाढवीत लावावयाचा, हें मोकळ्या मैदानांत आठवडाभर सवय करून शिकतां येतें. नुसत्या पायाच्या ब्रेकवर भिस्त ठेवणारा माणूस दहांतले सात भाग बळ सोडून तीन भागांवर आपला जीव टांगतो.

श्रोतेहो, अॅरल-जॉन्स्टनच्या पहिल्या गाडीला आज शंभराहून अधिक वर्षें होऊन गेलीं. इतक्या काळांत कांड्या गेल्या, तारा गेल्या, द्रव आला, झडपा आल्या, आणि शेवटीं विजेचा मेंदूहि आला. सिद्धांत मात्र तोच आहे: थांबतांना भार पुढें जातो, म्हणून ब्रेकचा मोठा वांटा पुढें द्यावा, आणि मागच्याला त्याच्या वांट्यापेक्षां अधिक देऊं नये. ज्यांच्या घरीं जुनी गाडी हौसेनें जपलेली आहे त्यांनीं तिचा वेग वाढविण्यापूर्वीं तिचा ब्रेक जाणत्या माणसाकडून तपासून घ्यावा. आणि ज्यांच्या घरीं मुलगा किंवा मुलगी नुकतीच दुचाकी चालवूं लागली असेल त्यांनीं तिला चावी देण्यापूर्वीं पुढचा ब्रेक वापरण्यास शिकवावें. भीतीपेक्षां हिशेब बरा. आणि हा हिशेब फार अवघड नाहीं.